वाकडे दात लेकराचे, वाकडी नजर समाजाची

सातवी-आठवीत शिकणाऱ्या मुलीचे पुढचे दात बाहेर आले आहेत; त्यांना तार लावायची की नाही? वरकरणी हा एका घराचा प्रश्न. फार तर त्या घराचा आणि एका दवाखान्याचा. त्यावर वर्तमानपत्राने अग्रलेख लिहावा इतका तो मोठा आहे काय, असे आमचे काही वाचक विचारतील. अत्याचार थांबलेले नाहीत, नोकरभरती कंत्राटी झाली आहे, शिष्यवृत्तीसाठी पोरांना हेलपाटे मारावे लागत आहेत, आणि तुम्ही दातांचे काय घेऊन बसलात? आमचे म्हणणे असे की, ज्या समाजाला शतकानुशतके तोंड उघडू दिले गेले नाही, त्या समाजाच्या लेकरांच्या तोंडात काय चालले आहे हाही चळवळीचाच विषय आहे.

कोल्हापुरात सिद्धार्थनगर, सदर बाजार, विचारे माळ, राजेंद्रनगर अशा वस्त्यांतल्या घरांत आज हा प्रश्न खरोखर विचारला जातो. आमच्या मागच्या पिढीत तो विचारलाच जात नव्हता. दात दुखला तर काढायचा, एवढाच दाताच्या डॉक्टरशी संबंध. आज शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणारा बाप आणि चार घरची धुणीभांडी करणारी आई पोरीला घेऊन दवाखान्याची पायरी चढतात. डॉक्टर सांगतात, तारा लावाव्या लागतील, दीड-दोन वर्षे जातील, इतका इतका खर्च येईल. घरी आल्यावर आजी म्हणते, 'आपल्या घराण्यात समद्यांचंच दात असं हाईत, कुणाचं काय अडलंय?' मामा म्हणतो, 'आत्ताच करून घ्या दाजी, उद्या स्थळ बघताना नडंल.' बाप हिशेब करीत बसतो. जिच्या तोंडाचा हा प्रश्न, तिला मात्र कोणी काही विचारीत नाही.

आजी म्हणते ती चैन आणि मामा म्हणतो ती गरज, अशी ही दोन मते. आमच्या मते दोन्ही चुकीची आहेत.

मामाचा समाचार आधी घेऊ. स्थळ बघायला आलेली मंडळी मुलीला चालायला लावतात, बोलायला लावतात, हसायला लावतात. बैलबाजारात बैलाचे दात मोजतात तसाच हा प्रकार. बौद्ध पद्धतीने विवाह लावणारी घरेही याला पूर्णपणे अपवाद नाहीत, हे दुःखाने नमूद करावे लागते. आणि गंमत अशी की मुलाचे दात कोणी पाहत नाही. म्हणून होते काय, तर जिच्या दातांत जेमतेम एखादा वाकडेपणा आहे त्या मुलीला लग्नाच्या भीतीने तारा लावल्या जातात, आणि ज्याचा खालचा जबडाच मागे राहिला आहे, ज्याला खरोखर उपचार हवेत, तो मुलगा 'पोराच्या जातीला काय करायचंय' म्हणून तसाच सोडून दिला जातो. बाजारासाठी घेतलेला निर्णय आरोग्यासाठी कधीच नसतो.

यावर कोणी म्हणेल, बाबासाहेब स्वतः टापटिपीने राहत होते, समाजालाही नीटनेटके राहायला सांगत होते, मग रूपाचा विचार करण्यात वाईट काय? होय, सांगत होते. पण काय सांगितले ते नीट पाहिले पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याची जी पद्धत पाहताच जात ओळखू येते ती सोडा, अंगावर जातीची खूण म्हणून वागवलेले दागिने उतरवा, स्वच्छ राहा, असा त्या भाषणाचा आशय होता. आणि आमच्या आया-आज्यांनी ते तिथल्या तिथे अमलात आणले. त्या खुणा जातिव्यवस्थेने आमच्या अंगावर लादलेल्या होत्या, म्हणून त्या फेकल्या. दातांची ठेवण ही तशी खूण नव्हे. जबड्यात दातांना जागा पुरली नाही की दात वाकडे येतात. राजवाड्यात येतात, झोपडीत येतात. तेव्हा वाकडे दात म्हणजे आमच्या अंगावरचा डाग आहे असे मानून ते पुसायला धावणे हा महाडचा अर्थ नव्हे.

मग हेटाळणीचे काय? ती मात्र खरी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. शाळेत 'फावड्या' म्हणून चिडवले जाणारे पोर तोंडावर हात ठेवून बोलू लागते. वर्गात मोठ्याने वाचायला उठत नाही. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असतानाच, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला; त्या पुतळ्यापुढे दर १४ एप्रिलला आमची मुले फोटो काढतात. ते फोटो एकदा घरी निरखून पाहा. ओठ घट्ट मिटून उभी राहिलेली एखादी मुलगी त्यात सापडेल. आधीच या मुलीला आडनावावरून ओळखले जाते, वस्तीवरून ओळखले जाते. त्यात हे आणखी एक. ती स्वतः होऊन म्हणत असेल की मला हे नको, मला मोकळे हसायचे आहे, तर ते उपचारासाठी पुरेसे कारण आहे असे आम्ही मानतो. फक्त ते तिने म्हटले पाहिजे. कारण दोन वर्षे तारा तिला वागवायच्या आहेत. दर जेवणानंतर घासायचे तिला आहे. भडंग, चिक्की, दाताने सोललेला ऊस, मटणाची नळी हे सगळे कोल्हापूरच्या लेकराने दोन वर्षे बंद करायचे म्हणजे काही साधी गोष्ट नाही! जे पोर मनातून तयार नाही ते तारा मोडून घेते, घासत नाही, आणि तारा निघाल्यावर दातांवर पांढरे चट्टे राहतात. पैसे गेले ते गेले, दातही खराब झाले.

आता आजीचे मत. दात सरळ करणे ही चैन आहे काय? याचे उत्तर दात पाहिल्याशिवाय देता येत नाही. एखादा दात किंचित फिरलेला, दोन दातांत थोडी फट, खालचे दात जरा दाटीवाटीने आलेले, यात आरोग्याचे फारसे काही बिघडत नाही. नीट घासले तर असे दात म्हातारपणापर्यंत साथ देतात. इथे आजी बरोबर आहे. पण वरचे पटाशीचे दात खूप पुढे आले असतील, ओठ त्यांच्यावरून मिटत नसतील, तर खेळताना पडल्यावर नेमके तेच दात मोडतात, आणि मोडलेल्या पक्क्या दाताला दुसरा दात येत नाही. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील तर तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकतो आणि वाढत्या वयात तशीच सवय धरतो. सुळा हिरडीत आडवा अडकला असेल तर तो शेजारच्या दाताचे मूळ खाऊ शकतो. पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडाही तोडता येत नसेल, तर त्याला चैन कोण म्हणेल?

वयाचे गणितही समजून घेतले पाहिजे, कारण घाई तिथेच केली जाते. सात-आठ वर्षांचे असताना मुलाचे तोंड एकदा जाणकाराकडून पाहून घ्यावे. पाहून घ्यावे म्हणजे लगेच तार लावावी असे नव्हे. पक्क्या तारांचा उपचार बहुतेक मुलांत दुधाचे दात पडून पक्के दात आल्यावर, साधारण अकरा ते चौदा या वयात होतो. पुढे आलेल्या वरच्या दातांसाठी लहानपणी एकदा आणि मोठेपणी पुन्हा असे दोन टप्प्यांत उपचार केले काय किंवा मोठेपणी एकदाच केले काय, शेवटचा परिणाम जवळपास सारखाच येतो. लवकर केल्याने दात मोडण्याचा धोका तेवढा कमी होतो, असे जगभरच्या चाचण्या एकत्र करून काढलेले निष्कर्ष सांगतात. तेव्हा आठ वर्षांच्या पोराच्या बापाला कोणी 'आज नाही केले तर उशीर होईल' असे सांगितले, तर 'का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. काही बाबतींत उशीर खरेच होतो. जबडा सरकत असेल तर लवकर पाहावे लागते. खालचा जबडा मागे असेल तर वयात येतानाची वाढ हातची जाऊ देता येत नाही. ती वेळ निघून गेली की पुढे शस्त्रक्रियेवाचून मार्ग कमी उरतात. पण बाकीच्यांना मधली तीन-चार वर्षे मिळतात. ती विचार करायला आणि पैसे बाजूला टाकायला मिळालेली वर्षे आहेत.

या सगळ्याच्या आधीची गोष्ट दुधाच्या दातांची. 'दुधाचे दात, पडणारच आहेत' असे म्हणून आपण किडलेली दुधाची दाढ तशीच ठेवतो किंवा उपटून टाकतो. ती दाढ खालून येणाऱ्या दाताची जागा राखून बसलेली असते. ती वेळेआधी गेली की शेजारचे दात त्या जागेत कलतात, मग पक्का दात येतो तो वाकडा, नाहीतर येतच नाही. वेळेत भरलेली एक दाढ, फ्लोराइडची साधी पेस्ट आणि रात्री झोपताना घासण्याची सवय यांनी उद्याचा कितीतरी खर्च वाचतो. हा उसाचा जिल्हा आहे. कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या की मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबे इथे चार-पाच महिने पालांत राहतात. त्यांच्या लेकरांच्या हातात ऊस असतो, चहात बुडवलेले बिस्किट असते, ब्रश मात्र नसतो. शाळा आणि अंगणवाड्यांतल्या मुलांच्या तपासणीसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या यादीत दातांची कीड आहे, दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. वाकडे दात आणि जबड्याची चुकीची ठेवण नाही. आणि दाढ किडली अशी नोंद झाल्यावर ती भरेपर्यंत मागे कोण लागते, हे पालातल्या आईलाच विचारावे.

दुभंगलेल्या ओठाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पोटुशीने ग्रहण पाळले नाही म्हणून पोराचा ओठ फाटला, असे आजही बोलले जाते. वरचा दात आधी आला की मामाला वाईट, असेही बोलले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजात हे ऐकू येऊ नये. दुभंगलेल्या ओठावर शस्त्रक्रिया होते, पुढे या मुलांना दातांच्या तारांचीही गरज लागते, आणि त्यांना ती प्राधान्याने मिळाली पाहिजे. आईला दोष देणारे तोंड आधी बंद करा.

आता पैशाचे बोलू. खाजगी दवाखान्यात साध्या धातूच्या तारांचा खर्च तीस-चाळीस हजारांच्या पुढे जातो. दाताच्या रंगाच्या पट्ट्या किंवा पारदर्शक साचे घेतले तर आणखी कितीतरी वर. पण कामगाराच्या घरात खरा खर्च पावतीवर दिसत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी तारा आवळून घ्यायला जावे लागते. दोन वर्षांत वीसेक फेऱ्या. प्रत्येक फेरीला बापाचा किंवा आईचा एक खाडा. कंत्राटी कामगाराच्या खाड्याला पगार नसतो, आणि खाडे वाढले की काम जाते ते वेगळेच. तारा निघाल्यावर दात पुन्हा जागा सोडू नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो, कधी कधी वर्षानुवर्षे. त्याचे पैसे आधी कोणी बोलत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: सगळे मिळून किती, हप्ते कसे, एक्स-रे आणि रिटेनर त्यात धरले आहेत की नाही, उपदाढा काढाव्या लागतील काय, आणि उपचार मध्येच थांबला तर काय? उपचार करणाऱ्याने बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांची एमडीएस पदवी घेतली आहे की नाही, हेही विचारा. विचारण्यात कसला संकोच? बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले आहे.

बचत गटाचे पैसे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज काढून तारा लावू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. आठवड्याच्या हप्त्याने घरचे दूध बंद करून दात सरळ करणे हा व्यवहार नव्हे. आणि मोबाईलवरच्या जाहिराती पाहून घरबसल्या साचे मागवणे तर नकोच नको. अमेरिकेत २०१४ मध्ये निघालेली स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी असा टपालाने साचे पाठवण्याचा धंदा करीत होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती एका फटक्यात बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेले लोक वाऱ्यावर सुटले. तिथल्यांची ही गत, तर आमच्या पोरांना कोण वाली?

स्वस्त मार्ग दंत महाविद्यालयाचा. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, वेळ जास्त जातो, खर्च बराच कमी येतो. पण शासकीय दंत महाविद्यालये पाहिली तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. कोल्हापुरात नाही, सांगलीत नाही, साताऱ्यात नाही. आमच्या जिल्ह्यात वारणेच्या बाजूला नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, सांगलीकडे आणि कराडला आहेत, ती सगळी खाजगी संस्थांची. सीपीआर रुग्णालयात दात काढून मिळतो; दोन वर्षे चालणाऱ्या तारांच्या उपचाराला दंत महाविद्यालयाचीच यंत्रणा लागते. महात्मा फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे, पण लेकराच्या दातांना तार लावायची म्हटले की ती योजना कामी येत नाही.

हे कोणत्या नगरीत? ज्या नगरीच्या राजाने १९१९ मध्ये आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना हुकूम काढला की अस्पृश्य रुग्णांना इतरांप्रमाणेच वागवा, मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्यात वागवतात तसे वागवा, आणि ज्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही! शाहू महाराजांना दवाखान्याच्या दारात उभी असलेली जात दिसली होती. आज दारावर जात विचारली जात नाही, दरपत्रक दाखवले जाते. परिणामात कितीसा फरक आहे?

सगळ्यांच्याच दातांचा खर्च सरकारने कसा करायचा, असा साळसूद प्रश्न विचारला जाईल. सगळ्यांचा नकोच. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये एक मोजपट्टी तयार झाली. दातांच्या ठेवणीचे पाच वर्ग. चौथ्या-पाचव्या वर्गातल्या, म्हणजे ज्यांच्या आरोग्याला खरी गरज आहे अशा, अठरा वर्षांखालील मुलांना तिथली सार्वजनिक आरोग्य सेवा फुकट उपचार देते. तिसऱ्या वर्गात दिसण्याचाही विचार करून काहींना देते. पहिल्या-दुसऱ्याला देत नाही. तिथेही रांगा लांब आहेत, तक्रारी आहेत. पण गरज कोणती आणि हौस कोणती हे बापाच्या खिशावरून ठरत नाही. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. असा एक नियम करून बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत गंभीर दोष असलेल्या मुलांचा समावेश करायला, आणि त्यांचा खर्च जनआरोग्य योजनेतून द्यायला कोणती घटनादुरुस्ती लागते?

कोल्हापूरला मागता येत नाही असेही नाही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी या शहराने चार दशकांहून अधिक काळ आंदोलन केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच मिळवले. शासकीय दंत महाविद्यालयासाठी मात्र तशी एकही हाक शहरात घुमलेली नाही. ज्यांना खाजगीत परवडते त्यांना ती देण्याची गरज नाही. ती आपल्यालाच द्यावी लागेल.

भीमजयंतीला आपल्या मंडळांची आरोग्य शिबिरे होतात. रक्तदाब तपासतात, साखर तपासतात, चष्मे वाटतात. येत्या जयंतीला जवळच्या दंत महाविद्यालयाला आधीच पत्र देऊन दातांचे डॉक्टर बोलवा आणि पहिली, दुसरी, तिसरीतली सगळी पोरे रांगेत उभी करा, मुली आणि मुले दोन्ही. ऊसतोडीच्या पालांवर तोवर माणसे नसतील, तिथे हंगामातच जा. एक वही ठेवा. मुलाचे वय, शाळा, किडलेल्या दाढा किती, कोणाला फक्त घासायला शिकवायचे, कोणाची दाढ भरायची, कोणाला खरोखर तारांची गरज आहे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. नावे आपल्याजवळच ठेवा. आकडे घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.